कमी खर्चातला थंडीतला प्रवास : हिमदंश आणि सिगडीचा धोका

सांगोल्याहून रेल्वे-बसने हिवाळ्यात काश्मीरला निघालात? तिथे २१ डिसेंबरपासूनचे ४० दिवस सर्वांत कडाक्याचे असतात.

बोटे बधिर, पांढरी पडली तर हिमदंश असू शकतो. चोळू नका, शेकोटीवर शेकू नका. बधिर कातडीला भाजल्याचे कळत नाही. पुन्हा गारठणार नसतील तरच ३७ ते ३९ अंशांच्या कोमट पाण्यात बुडवा. मधुमेह असेल तर पाय रोज तपासा. इन्सुलिन आतल्या कपड्याच्या खिशात ठेवा. गोठलेले वापरू नका.

स्वस्त खोलीत बंद दाराआड कोळशाची सिगडी पेटवून झोपू नका. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. झोपेतच जीव जातो.

कुडकुडणे थांबून माणूस बरळू लागला, तर ओले कपडे काढा, पांघरूण घाला, लगेच रुग्णालयात न्या.