साहेबांचे पॉइंट, कैद्यांचे मळे

सह्याद्रीत बर्फ पडत नाही. डिसेंबर-जानेवारीतल्या एखाद्या कडाक्याच्या पहाटे महाबळेश्वरला वेण्णा तलावाकाठी आणि लिंगमळ्यात दव गोठतं, हिमकणांचे फोटो वर्तमानपत्रांत झळकतात आणि सातारा-सांगलीकरांची बर्फाची हौस तेवढ्यावर भागते. उन्हाळा डोंगरावर काढण्याची हौस मात्र इथे जवळजवळ दोनशे वर्षांची आहे.

त्याआधी लोक वर जायचे ते क्षेत्र महाबळेश्वराच्या दर्शनाला, कृष्णेच्या उगमाशी. १८२४ मध्ये लॉडविक हा इंग्रज लष्करी अधिकारी रान तुडवत एका कड्यावर पोचला आणि इथल्या हवेचे गोडवे गाऊ लागला. सातारचा रेसिडेंट कर्नल ब्रिग्ज याने गळ घातली, तेव्हा छत्रपती प्रतापसिंह महाराजांनी वर येणारा रस्ता बांधून दिला. पुढे मुंबईचा गव्हर्नर जॉन माल्कम याने १८२९ मध्ये महाराजांशी करारच केला. महाबळेश्वर ईस्ट इंडिया कंपनीकडे गेलं, बदल्यात महाराजांना खंडाळा गाव मिळालं (लोणावळ्याजवळचं नव्हे, वाईकडचं). नव्या बाजारपेठेचं नाव पडलं माल्कमपेठ.

माल्कमला सहलीचं ठिकाण नको होतं, आजारी गोऱ्यांसाठी आरोग्यधाम हवं होतं. पण हवेलाही मर्यादा असतात. मुंबईचा सरसेनापती सर सिडनी बेकविथ १८३१ मध्ये इथेच वारला.

आरोग्यधाम म्हटलं की रस्ते हवेत, ताजी भाजी हवी. ती कामं कोणी केली? सिंगापूर-पेनांगकडून काळ्या पाण्यावर पाठवलेल्या चिनी आणि मलायी कैद्यांनी! इथल्या कैद्यांना अंदमानला धाडण्याच्या कितीतरी आधी साहेबांनी समुद्रापारच्या कैद्यांना इकडे आणण्याचा हा उलटा प्रवास घडवला होता. १८३४ च्या सुमारास त्यांच्यासाठी इथे तुरुंग उभा राहिला, सुमारे १२० जणांचा. समुद्रकाठची ही माणसं साडेचार हजार फूट उंचीवर, जगातल्या अतिपावसाच्या जागांपैकी एका जागी आणून ठेवली गेली. त्यांनी रस्त्यांवर घाम गाळला, वेताच्या टोपल्या विणल्या, बटाटे आणि विलायती भाज्यांचे मळे फुलवले. गव्हर्नरच्या मेजवान्यांची चव त्यांच्या हातची होती, असं म्हणायला हरकत नाही.

कैदी राबत होते त्याच काळात, १८४२ मध्ये, वेण्णेचा तलाव सातारच्या अप्पासाहेब महाराजांनी बांधवला. त्यात नावा फिरवणाऱ्यांपैकी किती जणांना हे ठाऊक असतं, कोण जाणे.

कैद्यांचा तुरुंग १८६४ मध्ये बंद झाला. एल्फिन्स्टन, लॉडविक, विल्सन अशी साहेबांची नावं कड्याकड्यावर बसली. कैद्यांचं एकही नाव कुठे नाही. त्यांच्या मळ्यांजवळच्या धबधब्याला तेवढं ‘चायनामन्स फॉल’ म्हणतात. साहेब मंडळी पावसाच्या धास्तीने जूनमध्येच खाली उतरत आणि पाऊस ओसरल्यावर परतत. मे महिन्यातल्या गर्दीत धक्के खाण्यापेक्षा पावसानंतरचा तोच मोसम गाठावा. ऑक्टोबरात रस्ते उघडे असतात, आणि या धबधब्याला पाणीही असतं.