कात्री, खळ आणि मोहन सामंत

आमच्या वरंध गांवीं भाद्रपदांत पाऊस असा कोसळत असतो कीं घाटावरचा धुक्याचा पडदा दिवसचे दिवस उचलत नाहीं. लहानपणीं त्या दिवसांत आम्हां मुलांना एकच उद्योग असे, तो गणपतीच्या मखराचा. महाडच्या बाजारांतून आणलेले पतंगी कागदाचे ताव, थोडी बेगड, कोणाकडून तरी मागून घेतलेलीं जुनीं कॅलेंडरें, तांदळाच्या पिठाची खळ आणि आजीची कात्री, एवढ्या सामग्रीवर आमचें तें कलामंदिर उभें राही. एके वर्षीं मीं कॅलेंडरावरील लक्ष्मीच्या हातांतलें कमळ कापून मखराच्या कमानीवर डकविलें. घरांत त्याचें कौतुक झालें. वडील मात्र चष्मा वर करून म्हणाले, "चांगलें आहे, पण हें चित्र कोणाचें म्हणावयाचें? छापणाऱ्याचें कीं तुझें?" मला उत्तर सुचलें नाहीं. पुढें चित्रकलेचा इतिहास वाचूं लागल्यावर कळलें कीं हाच प्रश्न मोठमोठ्या टीकाकारांनींही विचारलेला आहे, आणि त्यांतील पुष्कळांना तो वडिलांइतक्या थोडक्या शब्दांत मांडतां आलेला नाहीं.

कात्रीच्या व खळीच्या चित्राला युरोपांत प्रतिष्ठा मिळाली ती १९१२ सालीं. त्या वर्षीं पिकासो यानें आपल्या एका चित्रांत खुर्चीच्या वेताच्या विणीचा छाप असलेला मेणकापडाचा तुकडा चिकटविला आणि चौकटीऐवजीं कडेनें चक्क दोर गुंडाळला. त्याच वर्षीं त्याचा सहकारी ब्राक यानें लांकडाच्या रेषांचा छाप असलेला भिंतीचा कागद कापून आपल्या रेखाटनांत बसविला. 'चिकटविणें' या अर्थाच्या फ्रेंच धातूवरून या प्रकारास 'कोलाज' हें नांव पडलें. मराठींत कोणी त्यास 'चिकटचित्र' म्हणतात. परंतु तो शब्द ऐकतांच मला पोस्टाचें तिकीट आठवतें, म्हणून मी परका शब्दच पत्करतों. पुढें जर्मनींतील कुर्ट श्विटर्स यानें ट्रामचीं वापरलेलीं तिकिटें व कागदाचे कपटे गोळा करून जन्मभर हीच उपासना केली. तथापि कात्री कांहीं १९१२ मध्यें जन्मली नाहीं. इंग्लंडांत मेरी डिलेनी नांवाच्या एका विधवा बाईनें १७७२ च्या सुमारास, वयाच्या ७२ व्या वर्षीं, रंगीत कागदाच्या पाकळ्या कापून फुलें डकविण्यास आरंभ केला, आणि दृष्टि मंदावेपर्यंत जवळजवळ १,००० फुलें पुरीं केलीं; तीं आज ब्रिटिश म्युझियमांत आहेत. डिलेनीबाईंचा कागद फुलाचें सोंग घेतो. श्विटर्सचें ट्रामचें तिकीट तिकीटच राहतें आणि तरीही चित्राचा अवयव होतें. नवेपणा असलाच तर तो येथें आहे.

आमच्या देशाकडे पाहावें तर सतराव्या शतकाच्या पूर्वार्धांत विजापूर दरबारीं अबरीच्या कागदांतून चित्रें घडविण्याची एक विलक्षण कला होती. हडकुळा घोडा व त्याचा तसाच हडकुळा स्वार यांच्या आकृति संपूर्ण अबरीच्या लाटांनीं भरलेल्या आणि भोंवतालची जागा मोकळी, असें एक विजापुरी चित्र न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियमांत आहे. कोठें झांकणी घालून, कोठें कागद कापून हा परिणाम साधीत असत. त्या काळीं विजापूरचा नांवाचा तरी अंमल आमच्या या डोंगरांवर होता. जावळीचे मोरे आदिलशाहीचे मांडलिक म्हणवीत, आणि १६५६ मध्यें शिवाजी महाराजांनीं जावळी घेतली तेव्हां तो संपला. म्हणून कांहीं अबरीचीं चित्रें वरंध घाटानें खालीं उतरलीं असें कोणी समजूं नये. घाटानें उतरत ते बैलांचे तांडे.

या सर्व पूर्वरंगाचें कारण मोहन सामंत. मराठी घरांत गायतोंडे हें नांव आतां बरेंच रुळलें आहे, हुसेन हें तर सर्वांसच ठाऊक, सामंत म्हटलें कीं सुशिक्षित माणूसही "कोणते सामंत?" असें विचारतो. त्यांचा जन्म १९२४ सालीं गोरेगांवचा. तेव्हां तें मुंबईच्या बाहेरचें गांव होतें. सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्यें शंकर पळशीकरांच्या हाताखालीं शिकून १९५२ मध्यें त्यांनीं पदविका घेतली. जहांगीर आर्ट गॅलरी उघडली ती त्याच वर्षीं, आणि १९४७ मध्यें स्थापन झालेल्या प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुपमध्यें सामंत शिरले तेंही त्याच वर्षीं. तोंपर्यंत तरुण चित्रकाराला आपलें काम लोकांपुढें मांडावयाचें तर बॉम्बे आर्ट सोसायटीच्या वार्षिक प्रदर्शनाची वाट पाहावी लागे, आणि तेथें परीक्षकांची मर्जी सांभाळणें आलेंच. सामंतांना ती मर्जी लाभली. १९५४ मध्यें जलरंगाचें रौप्यपदक व राज्यपालांचें पारितोषिक, १९५६ मध्यें सोसायटीचें सुवर्णपदक आणि त्याच वर्षीं ललित कला अकादमीचा अखिल भारतीय पुरस्कार, असे सन्मान वयाच्या ३२ व्या वर्षाच्या आंत त्यांच्या पदरीं पडले. नंतर १९५७-५८ मध्यें इटलीच्या सरकारच्या शिष्यवृत्तीवर रोम; १९५९ पासून १९६४ पर्यंत रॉकफेलर शिष्यवृत्तीच्या निमित्तानें न्यूयॉर्क; १९६३ मध्यें लंडनच्या टेट गॅलरींत जगांतील निवडक १०० चित्रकारांचें जें 'डन इंटरनॅशनल' प्रदर्शन भरलें, त्यांत त्यांचें चित्र. मग कांहीं काळ स्वदेशीं, आणि १९६८ पासून २००४ च्या जानेवारींत देह ठेवीपर्यंत कायमचें न्यूयॉर्क. अशी ही ३६ वर्षें.

पदकांची यादी येथें संपवितों, कारण सामंतांचें खरें चरित्र त्यांच्या कामाच्या पद्धतींत आहे. सपाट कॅनव्हास त्यांना कधीं मानवला नाहीं. तरुणपणींच ते रंगांत वाळू व प्लास्टर मिसळून चित्राचा पृष्ठभाग जुन्या भिंतीसारखा खडबडीत करीत. गुहांतील आदिमानवांचीं चित्रें, मिसर देशाची चित्रलिपि आणि आपल्याकडील बसोहलीचीं लघुचित्रें या त्यांच्या आवडीच्या गोष्टी. आणि या तिन्हींत आकृति ही जागेंत मुरलेली नसून जागेवर ठेवलेली दिसते. अशा आवडीचा माणूस आज ना उद्यां कात्री हातीं घेणारच. १९७० च्या दशकापासून ते कागदाच्या आकृति कापून, रंगवून चित्रावर बसवूं लागले. कोठें कॅनव्हासलाच खिडकी पाडून आंत कोनाडा करावा, कोठें कागद थोडा उचललेला ठेवून त्याची सांवली चित्रावर पडूं द्यावी. पुढें पुढें तर त्यांनीं तार वांकवून तिचीच रेषा केली. कागदावर काढलेली रेषा जागची हलत नाहीं. तारेची रेषा मात्र दिवा सरकला कीं आपल्या सांवलीसकट सरकते. चित्र आणि शिल्प यांच्यामधील बांधावर हा माणूस आयुष्याचीं तीस वर्षें उभा राहून काम करीत होता. आणि दुसऱ्या हातीं सारंगी! हौस म्हणून नव्हे, तर जन्मभर चालविलेला व्यासंग म्हणून. सारंगींत मुख्य तारांखालीं तरफांच्या तारा असतात. त्यांना कोणी छेडीत नाहीं, त्या वरच्या सुरानें आपोआप बोलतात. सामंतांच्या चित्रांतील तारेच्या सांवल्या पाहून मला त्या तरफा आठवल्या. ही माझी कल्पना आहे. प्रमाण म्हणून कोणी घेऊं नये.

गायतोंडे यांच्याशीं तुलना करण्याचा मोह येथें आवरत नाहीं. जन्मसाल एकच, विद्यालय एकच, ग्रुपही एकच. रॉकफेलरच्या निमित्तानें न्यूयॉर्कही दोघांनीं पाहिलें. मौज अशी कीं गायतोंडेही कागदाचे तुकडे वापरीत. परंतु ओल्या रंगावर तुकडा दाबून ते तो उचलून घेत, आणि राही ती फक्त त्याची खूण. एकानें कागद लावून काढला, दुसऱ्यानें लावून ठेवला. गायतोंडे परत आले, दिल्लींत मौनांत राहिले. त्यांच्या मृत्यूनंतर न्यूयॉर्कच्या गुगेनहाइम म्युझियमनें २०१४ मध्यें त्यांचें मोठें प्रदर्शन भरविलें. सामंत त्याच शहरांत जन्म काढून आमच्या स्मरणांतून उतरले. माझ्या मतें याला दूर जाणें हें एकच कारण नाहीं. गायतोंडे यांचें चित्र दुरूनही ओळखतां येतें. सामंत मात्र दर दहा वर्षांनीं सामग्रीच बदलीत. गिऱ्हाइकाला नांवाइतकीच ओळखीची मुद्राही लागते. हा दोष म्हणावा तर तो चित्रकाराचा नाहीं.

दुसरा आक्षेप अधिक जुना आहे: ही सारी पश्चिमेची उसनवारी. तो खोडून काढण्याकरितां आमच्याकडील कांहीं उत्साही लेखक पिंगुळीच्या चामड्याच्या बाहुल्या, तंजावरच्या चित्रांवरील सोन्याचा वर्ख व खडे यांची साक्ष काढतात. ही साक्ष मलाही गोड वाटते, पण इतिहासाच्या न्यायालयांत ती टिकणार नाहीं. सारखेपणा म्हणजे वंश नव्हे. सामंतांनीं स्वतः जें पाहिलें, हातानें गिरवलें, तेवढेंच त्यांचें ऋण. त्यांत बसोहली आहे, तसा पिकासोही आहे, आणि दोन्हीं ऋणांची त्यांनीं लाज बाळगली नाहीं.

कोलाजाला खरें भय आहे तें टीकाकारांचें नव्हे, हवेचें. वर्तमानपत्री कागद पिवळा पडून ठिसूळ होतो, खळीला कसर लागते, तार गंजते. आमच्या मखराचे पट्टे वडिलांनीं माळ्यावर ठेवले होते. दोन पावसाळ्यांत त्यांचा भुगा झाला. सामंतांचीं कामें थंड व कोरड्या देशांतील खोल्यांत आहेत, म्हणून बरीं राहिलीं असावींत. तीं येथें कायमचीं यावींत असें मला फार वाटतें, आणि जुलै महिन्यांतल्या आमच्या भिंती पाहिल्या कीं तें वाटणें मी गिळतों.

कांहीं वर्षांपूर्वीं मुंबईंत एका दालनांत त्यांचें तारेचें एक चित्र माझ्या पाहण्यांत आलें. मी समोर उभा राहून, पुस्तकांत वाचलेलें सगळें आठवीत, तें पाहत होतों. माझी धाकटी मुलगी भिंतीला गाल लावून बाजूनेंच पाहत होती. "बाबा," ती म्हणाली, "तिकडून नका पाहूं, इकडून बघा. इकडून त्या बाईला दोन नाकें आहेत." मी तिच्याजवळ गेलों. एक नाक तारेचें होतें, दुसरें सांवलीचें. आणि तितक्यांत कोणी तरी दिव्याच्या आड आल्यानें दुसरें नाहींसें झालें.