चिंतेची खतावणी

चिंतेवर सीबीटी, म्हणजे कॉग्निटिव्ह बिहेविअर थेरपी, सुरू केलेल्या माणसाच्या हाती लवकरच एक कागद येतो. उभ्या रेघा मारून रकाने पाडलेला. प्रसंग, भावना, मनात आलेला विचार, त्या विचाराला उत्तर आणि शेवटी पुन्हा भावना. चिंता दाटून आली की घरच्या घरी हा तक्ता भरायचा आणि पुढच्या भेटीला सोबत आणायचा. दवाखान्यात बोलणं होतं, पण उपचाराचं बरंचसं काम घरी याच कागदावर होतं. पाठ्यपुस्तकांत त्याची वंशावळ दोन ओळींत उरकलेली असते: आधी प्राचीन स्टोइक तत्त्वज्ञ, मग अल्बर्ट एलिस, मग ॲरन बेक. ही वंशावळ खोटी नाही, पण तिच्यातला एक पूर्वज गाळला गेला आहे. तो तत्त्वज्ञही नाही आणि डॉक्टरही नाही. तो कादंबरीतला एक खलाशी आहे.

डॅनियल डिफो यांची ‘रॉबिन्सन क्रूसो’ २५ एप्रिल १७१९ रोजी लंडनमध्ये प्रसिद्ध झाली. क्रूसोच्या बकऱ्या, त्याची कातड्याची छत्री, वाळूत उमटलेलं पाऊल हे सगळं शाळकरी मुलांनाही ठाऊक असतं. त्याने आखलेला तक्ता मात्र सहसा कुणाच्या लक्षात राहत नाही. बेटावर जरा स्थिरावल्यावर क्रूसो फुटलेल्या जहाजावरून आणलेली शाई आणि कागद घेऊन बसतो आणि पानाचे दोन रकाने करतो. डावीकडे वाईट, उजवीकडे चांगलं. डावीकडे तो लिहितो की ओसाड बेटावर येऊन पडलो, सुटकेची आशा नाही. उजवीकडे, की पण जिवंत आहे, बरोबरचे सगळे बुडाले. डावीकडे, अंगावर कपडे नाहीत. उजवीकडे, हवा इतकी गरम आहे की असते तरी घालवले नसते. डावीकडे, हिंस्र जनावर चालून आलं तर बचावाला काही नाही. उजवीकडे, आफ्रिकेच्या किनाऱ्यावर दिसलं तसं जनावर इथे अजून एकही दिसलेलं नाही.

ही तिसरी जोडी नीट पाहावी. पहिल्या दोन जोड्यांत झाल्या गोष्टीचं दुःख आहे, तिसरीत अजून न घडलेल्या गोष्टीची भीती आहे. तिला उत्तर देताना क्रूसो धीराचे शब्द लिहीत नाही, देवाचा धावाही करत नाही. तो डोळ्यांनी पाहिलेला पुरावा मांडतो. आज सीबीटी शिकवणारे लोक चिंतेच्या विचाराशी नेमकं हेच करायला सांगतात.

हा खटाटोप कशासाठी, तेही क्रूसो सांगतो. मागे कुणी वाचावं म्हणून तो लिहीत नाही. त्याला वारस मिळण्याची शक्यता तरी कुठे होती? रोज त्याच त्या विचारांवर घुटमळून मन पोळत होतं, त्यातून सुटका व्हावी म्हणून तो लिहितो. शाई जपून वापरण्याजोगी होती. पुढे तर तीत पाणी घालत घालत अक्षर दिसेनासं होईपर्यंत त्याने ती पुरवली. आणि ही मांडणी आपण व्यापाऱ्याच्या नावे-जमेच्या पद्धतीने केली, असं तो स्वतःच नोंदवतो.

कुळकथेची किल्ली याच नोंदीत आहे. डिफो हे लेखक होण्याआधी व्यापारी होते. १६९२ मध्ये त्यांचं दिवाळं निघालं, तेव्हा डोक्यावर सुमारे १७,००० पौंडांचं कर्ज होतं. पुढे त्यांनी इंग्रज दुकानदारांसाठी एक जाडजूड मार्गदर्शक लिहिला आणि त्यात हिशेबाच्या वह्या चोख ठेवण्यावर भर दिला. ज्या नावे-जमेच्या रीतीवर क्रूसोचा तक्ता उभा आहे, ती इटालियन व्यापाऱ्यांकडून आलेली. लुका पाचोली यांनी १४९४ मध्ये व्हेनिसला छापलेल्या गणिताच्या ग्रंथात ती सविस्तर मांडली होती. डिफो यांनी त्या रीतीतून पैसा बाजूला काढला आणि तिथे भीती बसवली.

इथून पुढचा दुवा पक्का आहे. बेंजामिन फ्रँकलिन हे डिफोंचे वाचक होते. आत्मचरित्रात त्यांनी क्रूसोचा नावानिशी उल्लेख केला आहे. १९ सप्टेंबर १७७२ रोजी त्यांनी लंडनहून रसायनशास्त्रज्ञ जोसेफ प्रीस्टली यांना एक पत्र लिहिलं. प्रीस्टलींपुढे एक नोकरी पत्करावी की नाही असा पेच होता. फ्रँकलिन यांनी सल्ला दिला नाही, रीत सांगितली. कागदावर मधोमध रेघ मारा, एका बाजूला अनुकूल आणि दुसऱ्या बाजूला प्रतिकूल कारणं तीन-चार दिवस सुचतील तशी लिहीत जा, मग तुल्यबळ कारणं दोन्हीकडून खोडत जा. पेच का पडतो, याचं त्यांनी दिलेलं कारण मोलाचं आहे: सगळी कारणं एकाच वेळी मनापुढे हजर नसतात, एक गट पुढे येतो तेव्हा दुसरा नजरेआड जातो. चिंतेत हेच होतं. भीतीची बाजू समोर ठाण मांडते आणि दुसरी बाजू आठवतच नाही. कागदामुळे दोन्ही एकदम डोळ्यांपुढे राहतात.

फ्रँकलिन यांनीच फिलाडेल्फियात एक विद्यालय उभारलं, त्याचं पुढे पेनसिल्व्हेनिया विद्यापीठ झालं. दोन शतकांनी, १९६० च्या दशकात, त्याच विद्यापीठात ॲरन बेक या मनोविश्लेषकाला दिसलं की रुग्ण जे बोलतात त्याच्या आडून आणखी एक विचारांचा प्रवाह वाहत असतो. एक रुग्ण स्वतःविषयी मोकळेपणाने सांगत होती आणि मनात म्हणत होती की डॉक्टरांना आपला कंटाळा येतोय. अशा आपोआप येणाऱ्या विचारांना पकडण्यासाठी रुग्णाने भरायचा तक्ता बेक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७९ च्या नैराश्यावरील ग्रंथात दिला. तारीख, प्रसंग, भावना, विचार, विवेकी उत्तर आणि परिणाम असे त्याचे रकाने. विचारावर किती विश्वास बसतो, भावना किती तीव्र आहे, हे शंभरपैकी आकड्यांत लिहायचं.

व्हेनिस, डिफो, फ्रँकलिन, फिलाडेल्फिया ही साखळी इतकी देखणी आहे की तिला विरोध होणारच. पहिला आणि सर्वांत वजनदार विरोध खुद्द बेक यांचाच. त्याच ग्रंथात त्यांनी आपल्या उपचाराचं मूळ स्टोइकांकडे नेलं आहे. एलिसही त्यांच्या आधीपासून एपिक्टेटसचं ऋण मान्य करत आले होते. गुलामगिरीत वाढलेल्या या तत्त्वज्ञाची शिकवण अशी की माणसाला त्रास घटना देत नाहीत, घटनांविषयीच्या त्याच्या समजुती देतात. एलिस यांनी १९५५ पासून मांडलेल्या विवेकनिष्ठ उपचारपद्धतीतली घटना-समजूत-परिणाम ही त्रयी त्याच शिकवणीवर उभी आहे.

विचार स्टोइकांचा आहे, यात वाद नाही. वाद कागदाचा आहे. सेनेका रोज रात्री दिवसाची झाडाझडती घेत असे, पण दिवा विझल्यावर, बायको गप्प झाल्यावर. अंधारात रकाने भरता येत नाहीत. शिवाय त्याचं रूपक न्यायालयाचं आहे, तो स्वतःपुढे स्वतःची बाजू मांडतो. एपिक्टेटसने रागाचे दिवस मोजायला सांगितले: आधी रोज, मग एक दिवसाआड, मग दोन दिवसांआड, आणि तीस दिवस राग आला नाही तर देवाला नैवेद्य. ही मोजणी झाली, पण तीत विचारासमोर उत्तर मांडलेलं नाही. समोरासमोर दोन बाजू हा हिशेबनिसाचा वारसा आहे.

दुसरा दावा जेझुइटांचा. इग्नेशियस लोयोला यांच्या १५४८ मध्ये पोपची मान्यता मिळालेल्या साधनाग्रंथात रोजच्या दोन रेघा आखायला सांगितलं आहे. दुपारी एकीवर आणि रात्री दुसरीवर, जितक्या वेळा तीच चूक झाली तितके ठिपके द्यायचे आणि आठवडाभर ठिपके कमी होतात का ते पाहायचं. ही साधना प्रत्येक जेझुइटाला करावी लागे. मराठीत ‘क्रिस्तपुराण’ लिहिणारे फादर थॉमस स्टीफन्स १५७९ मध्ये गोव्यात आले ते याच संघाचे. तेव्हा मनाच्या नोंदींचे ठिपके गोव्यात सोळाव्या शतकातच पडत असणार, असं मानायला हरकत नाही. फ्रँकलिन यांची तेरा सद्गुणांची वही, आठवड्याच्या सात रकान्यांत काळे ठिपके देण्याची, या पद्धतीची अगदी जवळची नातलग वाटते. पण इथेही फक्त चूक मोजली जाते. भीतीला उत्तर देणारा रकाना नाही.

तिसरा दावा प्रयोगशाळेचा. वर्तनवादी मानसशास्त्रज्ञ बेक यांच्या आधीपासून तारीख, प्रसंग, तीव्रता यांच्या नोंदी ठेवून घेत होते. हा दावा अर्धा मान्य करायला हवा. तक्त्याचे डावीकडचे रकाने बहुधा तिथूनच आले. विवेकी उत्तराचा रकाना मात्र त्यांच्याकडे नव्हता.

चौथा दावा आपल्याकडचा: गीता, बुद्धवचनं आणि समर्थांचे मनाचे श्लोक यांत हे सगळं आधीच आहे. मनाला समजावण्याची परंपरा आपल्याकडे निश्चितच जुनी आणि समृद्ध आहे. बेक आणि दलाई लामा यांची जाहीर चर्चाही झाली, दोघांना पुष्कळ साम्य जाणवलं. पण ती २००५ मध्ये, स्वीडनमध्ये, तक्ता छापल्यावर पाव शतक उलटून गेल्यानंतर. साम्य म्हणजे वारसा नव्हे.

राहतो तो साखळीतला कच्चा सांधा. फ्रँकलिनचा कागद बेक यांच्या टेबलावर नेमका कुठल्या वाटेने आला, त्याची पावती नाही. तर्क असा की तो कुणी आणून ठेवण्याची गरजच नव्हती. अमेरिकेत पेच पडला की मधोमध रेघ मारून दोन बाजू लिहिणं ही तोवर घराघरातली सवय झाली होती. या तर्काला बळ मिळतं पुढच्या घडामोडीने. बेक यांच्याकडे शिकलेल्या डेव्हिड बर्न्स यांनी १९८० च्या ‘फीलिंग गुड’मध्ये सामान्य वाचकासाठी तीनच रकाने ठेवले: विचार, त्यातली चूक, उत्तर. १९९५ मध्ये डेनिस ग्रीनबर्गर आणि ख्रिस्टीन पॅडेस्की यांच्या ‘माइंड ओव्हर मूड’मध्ये सात रकान्यांचा तक्ता आला आणि त्यात दोन रकाने शेजारी-शेजारी बसले: विचाराच्या बाजूचा पुरावा आणि विरोधातला पुरावा. तक्ता जसजसा दवाखान्यातून घराकडे सरकला, तसतसा तो क्रूसोच्या पानासारखा दिसू लागला.

घरी करण्याच्या उपचाराचे आणखी दोन वडीलधारे इथे नोंदवायला हवेत. शिकागोचे डॉ. अब्राहम लो यांनी १९३७ मध्ये रुग्णांनी एकमेकांच्या मदतीने मन सावरावं म्हणून ‘रिकव्हरी’ ही संघटना उभी केली. ऑस्ट्रेलियाच्या डॉ. क्लेअर वीक्स यांनी १९६२ च्या पुस्तकात घाबरलेल्या वाचकाला सांगितलं: सामोरं जा, स्वीकारा, अंग सैल सोडा, वेळ जाऊ द्या. दोघांनीही रकाने आखले नाहीत, पण तज्ज्ञाविना घरी बसून हे जमू शकतं हा विश्वास त्यांनी दिला.

मराठी घरांत या कुळाची एलिस-शाखा आधी रुजली. प्रा. कि. मो. फडके यांनी एलिस यांच्याशी दीर्घ पत्रव्यवहार ठेवून विवेकनिष्ठ पद्धत इथे शिकवली, डॉ. अंजली जोशी यांनी ‘मी अल्बर्ट एलिस’ ही चरित्रात्मक कादंबरी लिहिली, ठाण्याच्या आयपीएच संस्थेत डॉ. आनंद नाडकर्णी यांनी ही पद्धत कार्यशाळांमधून लोकांपर्यंत नेली.

तक्ता कसा चालतो ते एका साध्या प्रसंगावरून पाहता येईल. रात्रीचे साडेनऊ वाजलेत, मुलगी क्लासहून आलेली नाही, फोन लागत नाही. भावना: भीती, शंभरपैकी ९०. विचार: अपघात झाला असणार. बाजूचा पुरावा: अर्धा तास उशीर, फोन बंद. विरोधातला पुरावा: मागच्या महिन्यातही परीक्षेआधी क्लास लांबला होता, सकाळी तिने चार्जिंग कमी असल्याचं सांगितलं होतं, पाऊस आहे, बस उशिरा येते. संतुलित विचार: उशिराची साधी कारणं जास्त संभवतात, दहा मिनिटांनी मैत्रिणीच्या घरी फोन करायचा. भीती आता: ५०. ती शून्यावर आली नाही, येण्याची गरजही नाही. पन्नासवरचा माणूस फोन करू शकतो, नव्वदवरचा येरझाऱ्या घालतो.

दोन पथ्यं मात्र पाळायला हवीत. उजवा रकाना गोड बोलण्याने भरू नये. “सगळं छान होईल” हा पुरावा नाही. आणि नुसत्या लिहिण्यावर थांबू नये. एकोणीस वर्षांच्या लाजऱ्या एलिस यांनी न्यूयॉर्कच्या वनस्पती उद्यानात बाकावर एकट्या बसलेल्या स्त्रियांशी महिनाभर बोलायचं ठरवलं आणि शंभर जणींशी ते बोलले. एकच जण भेटायला तयार झाली, तीही आली नाही, पण नकाराची धास्ती गेली. सीबीटीतला ‘बिहेविअर’ तो हाच: ज्याची भीती वाटते त्याच्याकडे छोट्या पायऱ्यांनी स्वतः जाणं.

सुरुवातीला घरची साधी वही पुरते. दिवसातला एकच प्रसंग घ्यावा, प्रसंग ताजा असतानाच लिहावा आणि दोन्ही वेळचे आकडे न विसरता टाकावेत. काही आठवड्यांनी मागची पानं चाळली की कोणती भीती खरी ठरली आणि कोणती नाही, ते त्याच आकड्यांत दिसतं. झोप उडाली असेल, कामावर जाणं बंद झालं असेल किंवा जगणं नकोसं वाटत असेल, तर वहीवर विसंबून राहू नये. डॉक्टरांना भेटावं, किंवा केंद्र सरकारच्या टेली-मानस सेवेला १४४१६ वर फोन करावा. तो विनामूल्य आहे, चोवीस तास लागतो आणि तिथे मराठीत बोलता येतं.