चार वर्षांची अट कुणी मोडली?

कॉलेजांची मोठी स्पर्धा एप्रिलच्या सुरुवातीला संपली की अमेरिकेतल्या गुणी बास्केटबॉलपटूंच्या घरी एकच खल सुरू होतो: पदवी पुरी करायची, की एनबीए या व्यावसायिक लीगच्या ड्राफ्टला नाव द्यायचं? ड्राफ्ट म्हणजे व्यावसायिक संघांनी आळीपाळीने नवे खेळाडू निवडण्याची वार्षिक पद्धत. साठ वर्षांपूर्वी असा खल व्हायचं कारणच नव्हतं. शाळा सोडून चार वर्षं उलटल्याशिवाय कुणालाही खेळवायचं नाही, असा एनबीएचा नियम होता.

नियम दोन्हीकडच्या कारभाऱ्यांच्या सोयीचा होता. कॉलेजांना शिष्यवृत्तीच्या बदल्यात गर्दी खेचणारे खेळाडू मिळत आणि एनबीएला घडलेले, नावाजलेले खेळाडू आयते मिळत. 1958 मध्ये विल्ट चेंबरलेनने कॅन्सस विद्यापीठ वर्षभर आधी सोडलं, तेव्हा त्याच्यासारख्या खेळाडूलाही ते वर्ष हार्लेम ग्लोबट्रॉटर्सच्या प्रदर्शनी सामन्यांत काढावं लागलं.

ही अट मोडली ती स्पेन्सर हेवूडने. मिसिसिपीत कापूस वेचून पोट भरणाऱ्या मोठ्या कुटुंबातला हा मुलगा. 1968 च्या मेक्सिको ऑलिंपिकमध्ये त्याने अमेरिकेला सुवर्णपदक मिळवून दिलं, तेव्हा तो 19 वर्षांचा होता. डेट्रॉइट विद्यापीठात एक हंगाम खेळून तो 1969 मध्ये एबीए या प्रतिस्पर्धी लीगमधल्या डेन्व्हर संघात गेला. घरची हलाखी असलेल्यांना एबीएने अशाच अटीतून सूट दिली होती. पहिल्याच वर्षी तो तिथला सर्वोत्तम खेळाडू ठरला.

पुढे करारावरून बिनसलं आणि 1970 च्या अखेरीस एनबीएच्या सिएटल सुपरसॉनिक्सने त्याला घेतलं. त्याच्या बरोबरीच्या मुलांची पदवी अजून व्हायची होती, म्हणून एनबीएने हरकत घेतली. हेवूड आणि सिएटलचे मालक सॅम शुलमन मक्तेदारीविरोधी कायद्याच्या आधारे कोर्टात गेले. 1 मार्च 1971 रोजी सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती विल्यम डग्लस यांनी खालच्या कोर्टाचा, त्याला खेळू देणारा मनाई हुकूम पुन्हा लागू केला. खेळाडूची उमेदीची वर्षं वाया गेली तर नंतरच्या निकालाने ती भरून निघत नाहीत, हा त्यामागचा विचार होता. प्रकरण अखेर तडजोडीने मिटलं.

त्याच वर्षी एनबीएनेही हलाखी दाखवणाऱ्यांसाठी वेगळा ड्राफ्ट घेतला. 1976 पासून गरिबी सिद्ध करण्याची अटही गेली. मुदतीआधी नाव देणं हा सरसकट हक्क झाला. दरम्यान मोझेस मलोन 1974 मध्ये शाळेतून थेट एबीएत पोचला होता. 1995 मध्ये केव्हिन गार्नेट, पुढच्या वर्षी कोबी ब्रायंट आणि 2003 मध्ये लेब्रॉन जेम्स शाळेतूनच एनबीएत गेले. मग संघांना कोवळ्या पोरांवरचा जुगार महाग वाटू लागला. 2005 च्या करारात किमान 19 वर्षं वय आणि अमेरिकी खेळाडूंसाठी शाळेनंतर एक वर्ष, अशी नवी अट आली. तेव्हापासून अनेक गुणी मुलं कॉलेजात एकच हंगाम काढू लागली.

2021 मध्ये वारं फिरलं. कॉलेज खेळाडूंना स्वतःच्या नावावर जाहिरातींचे पैसे घेण्याची मुभा मिळाली. 2025 मध्ये कॉलेजांनी थेट मोबदला देण्यालाही कोर्टाची मान्यता मिळाली. पहिल्या वर्षाची कमाल मर्यादा होती प्रत्येक कॉलेजाला, सर्व खेळ मिळून, सुमारे 2.05 कोटी डॉलर. जाहिरातींच्या पैशांचा परिणाम तोवर दिसू लागला होता. मुदतीआधी ड्राफ्टला नाव देणारे 2021 मध्ये 353 होते. कोविडमुळे मिळालेल्या जादा वर्षाने तो आकडा फुगला होता हे खरं, पण 2025 मध्ये ते अवघे 106 उरले. पहिल्या फेरीत निवड होण्याची खात्री नसलेल्याला आता कॉलेजातच अधिक कमाई होऊ शकते.

हेवूडने कॉलेज सोडलं ते पैशांसाठी. आजची मुलं थांबतात तीही पैशांसाठीच. खेळाडू कॉलेजात टिकावेत म्हणून अर्धं शतक नियम घडले आणि मोडले. खेळाडू टिकू लागले मात्र कष्टाचा दाम मिळू लागल्यावरच.