गोव्यातील खाणपट्टे आणि भूमिपुनर्स्थापनेचा प्रश्न

पोर्तुगीज राजवटीत १९०६ च्या खाणकायद्यान्वये गोव्यात खनिज-सवलती मुदतीविना दिल्या जात. बहुतेक सवलतींचे क्षेत्र १०० हेक्टरांच्या आतले होते. एक टन लोहखनिज काढताना त्याच्या दोन-तीन पट माती व मुरूम बाहेर पडतो. तो साठविण्यास एवढ्या क्षेत्रात जागा कोठून असणार? परिणामी डिचोली, सत्तरी, सांगे या तालुक्यांत सीमेबाहेर, शेते व कुळागरे यांच्या उशाशी ढिगारे उभे राहिले आणि पावसाळ्यात त्यांचा गाळ भाताच्या खाचरांत उतरू लागला. संसदेच्या १९८७ च्या कायद्याने या सवलतींचे रूपांतर खाणपट्ट्यांत झाले, तेही २० डिसेंबर १९६१ पासून. म्हणजे हक्काची तारीख मागे नेली गेली. जमीन पूर्ववत करण्याच्या दायित्वाला मात्र असा पूर्वलक्षी न्याय लाभला नाही. खाणबंदी आराखड्याची सक्ती २००३ मध्ये आली; तो आराखडा खाणपट्ट्याचा, ढिगारे मात्र सीमेपलीकडचे! पट्ट्याबाहेर माती टाकण्याचा हक्कच पट्टेधारकास नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २१ एप्रिल २०१४ रोजी स्पष्ट केले. तोवर कित्येक ढिगाऱ्यांवर झाडी वाढली होती.