पैनगंगेपलीकडची विद्या

समुद्र ओलांडून विद्या संपादन करणाऱ्यांची चरित्रे लिहिली जातात, त्यांच्या प्रस्थानाचे समारंभ आणि पुनरागमनाचे सत्कार वृत्तपत्रांच्या स्तंभांतून सुरक्षित राहतात. परंतु परभणी जिल्ह्यातील विद्यार्थ्याला परराज्यात जाण्यासाठी समुद्राची गरज कधीच पडली नाही. १९४८ पर्यंत हा जिल्हा निजामाच्या राज्यातील औरंगाबाद सुभ्यात मोडत होता, आणि हिंगोली, कळमनुरी हे तालुके तेव्हा त्यात असल्यामुळे त्याची उत्तर सीमा पैनगंगेला जाऊन भिडत होती. नदी उतरली की नाणे बदले, कालगणना बदले, कचेरीची भाषा बदले, आणि सुटीचा वारसुद्धा बदले. गंमत अशी की, कायद्याच्या काटेकोर दृष्टीने पलीकडचा वऱ्हाडही निजामाचाच मुलूख होता; १८५३ च्या तहाने त्याचा कारभार इंग्रजांकडे गेला आणि १९०२ साली तो त्यांना कायमच्या पट्ट्याने मिळाला, इतकेच. म्हणजे हिंगोलीचा जो मुलगा अमरावतीच्या किंग एडवर्ड महाविद्यालयात दाखल होई, तो कागदोपत्री आपल्याच सार्वभौमाच्या छत्राखाली राही आणि व्यवहारात मात्र परदेशी जाई.

तो जाई कशासाठी, हे समजण्यास राज्याच्या दफ्तराची भाषा ध्यानात घ्यावी लागते. १८८४ च्या सुमारास दरबारने फारसीच्या जागी उर्दू आणली, आणि १९१८ साली स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठात उच्च शिक्षणाचे माध्यमही उर्दूच ठेवले. देशी भाषेतून पदार्थविज्ञान आणि वैद्यक शिकवून दाखवण्याचा तो प्रयोग धाडसाचा होता, आणि त्यासाठी 'दारुल तर्जुमा' या भाषांतर-विभागाने जे प्रचंड ग्रंथकार्य केले त्याची थोरवी मी नाकारणार नाही. परंतु घरी मराठी बोलणाऱ्या पाथरी-जिंतूरच्या मुलाला त्या स्वभाषाभिमानाचा लाभ काय? त्याच्या वाट्यास एका परक्या भाषेऐवजी दोन आल्या. हैदराबादचे निजाम कॉलेज मद्रास विद्यापीठाशी संलग्न आणि इंग्रजी माध्यमाचे होते खरे, पण राजधानीतील वास्तव्याचा खर्च सामान्य कुटुंबाच्या आवाक्याबाहेरचा. ज्यांना आप्तांचा आधार होता ते पुण्यास, नागपुरास वा अमरावतीस गेले. ज्यांना तो नव्हता त्यांचे काय झाले, हे पाहावयाचे तर बी. रघुनाथ यांच्याकडे पाहावे: तेव्हाच्या परभणी जिल्ह्यातील सातोन्याचा हा असामान्य प्रतिभेचा कवी-कादंबरीकार हैदराबादेस मॅट्रिक होऊन थांबला आणि परभणीस बांधकाम खात्यात कारकुनी करीत १९५३ साली, अवघ्या चाळिशीत, निधन पावला.

खऱ्याखुऱ्या विलायतेचे उदाहरणही या मातीत आहे. वसमत तालुक्यातील पूर्जळचे केशवराव कोरटकर हैदराबादेत नामांकित वकील आणि पुढे हायकोर्टाचे न्यायाधीश झाले. त्यांचे चिरंजीव विनायकराव कांगडीच्या गुरुकुलात 'विद्यालंकार' होऊन मग इंग्लंडात बॅरिस्टर झाले, परतून हैदराबादेत वकिली केली, आणि ते राज्य भारतात विलीन झाल्यानंतर त्याचे अर्थमंत्री झाले. मात्र असे भाग्य अपवादात्मक.

बहुसंख्यांचा प्रवास मनमाडपर्यंत मीटरगेज गाडीने, तेथे गाडी बदलून पुण्याकडे किंवा भुसावळमार्गे नागपुराकडे. परतीची तयारी ही जाण्याच्या तयारीपेक्षा नाजूक असे. इंग्रजी कलदार रुपयाचे निजामाच्या हाली सिक्क्यात रूपांतर करावे लागे, आणि शंभर कलदारास एकशे सोळा रुपये दहा आणे आठ पै असा हिशेब पडे; गाठोडे करोडगिरीच्या, म्हणजे जकातीच्या, अमलदारापुढे उघडावे लागे; जन्मतारखेपासून दाखल्यापर्यंत सारे फसली सनात लिहावे लागे, ज्याचे वर्ष ऑक्टोबरात आजूर महिन्यापासून उजाडे. पुढे सरकारी चाकरी हवी असल्यास १९१९ च्या फर्मानानुसार आपण 'मुल्की', म्हणजे राज्याचे रहिवासी, आहोत हे सिद्ध करणे आले. आणि ज्याला पुन्हा राज्यातील महाविद्यालयातच दाखल व्हायचे असेल, त्याला शेरवानी शिवून घेऊन, रविवारऐवजी शुक्रवारी सुटी मानण्याची सवय लावून, रसायनाला 'कीमिया' आणि वनस्पतिशास्त्राला 'नबातियात' म्हणावयास शिकून, मग वर्गात बसता येई.

१९३८ च्या नोव्हेंबरात या ये-जा करण्याचे स्वरूपच पालटले. औरंगाबादच्या इंटरमीजिएट कॉलेजच्या आणि उस्मानियाच्या वसतिगृहांत 'वंदे मातरम्' म्हणण्यास मनाई झाली, विद्यार्थ्यांनी ती मोडली, आणि त्यांची नावे कमी झाली. नागपूर विद्यापीठाचे कुलगुरू केदार यांनी या मुलांना आपल्याकडे प्रवेश दिला; त्यांत पुढे पंतप्रधान झालेले पी. व्ही. नरसिंह राव हेही होते. जे आजवर ऐपतीचे लक्षण होते, ते आता राजकीय निर्वासन ठरले. ही ठिणगी परभणीला अनपेक्षित नव्हती, कारण राज्यातील मराठी भाषकांच्या महाराष्ट्र परिषदेचे पहिले अधिवेशन तेव्हा याच जिल्ह्यात असलेल्या परतूरला, परभणीचे वकील गोविंदराव नानल यांच्या अध्यक्षतेखाली, १९३७ साली भरून गेले होते.

परंतु सर्वांत बिकट पुनःप्रवेश झाला तो १९४८ नंतरच्या मुलांचा. निजामाविरुद्धच्या मुक्तिसंग्रामाचे नेते स्वामी रामानंद तीर्थ यांच्या हाकेस ओ देऊन १९४७ मध्ये त्यांनी महाविद्यालये सोडली, कोणी तुरुंगात गेले, कोणी उमरखेडसारख्या सरहद्दीवरील कॅम्पांत राहिले, आणि १७ सप्टेंबर १९४८ रोजी निजामाने शरणागती पत्करल्यावर वह्या शोधू लागले. पाहतात तो सोडून गेलेले महाविद्यालयच राहिले नव्हते: उस्मानियाने उर्दू माध्यम टाकून इंग्रजी स्वीकारले होते. जो मुलगा बीजगणिताची सारी परिभाषा उर्दूतून मुखोद्गत करून गेला होता तो स्वतंत्र देशात परतून पुन्हा प्रारंभाच्या पायरीवर उभा राहिला, आणि नागपुरास निर्वासित होऊन इंग्रजीत शिकलेला त्याचा वडील बंधू मात्र अनायासे पुढे निघून गेला. या अन्यायाची तक्रार त्या पिढीने फारशी केलेली दिसत नाही. करायला हवी होती, असे मला वाटते.

१९५० साली स्वामीजींच्या प्रेरणेने नांदेडला पीपल्स कॉलेज निघाले, १९५६ मध्ये खुद्द परभणीस कृषी महाविद्यालय आले, आणि २३ ऑगस्ट १९५८ रोजी औरंगाबादेत मराठवाडा विद्यापीठाचे उद्घाटन झाल्यावर परीक्षेच्या अर्जावर फसली सन लिहिण्याचा प्रसंग उरला नाही. १९७२ साली परभणीलाच कृषी विद्यापीठ झाले, तेव्हा पैनगंगेपलीकडचे विद्यार्थीही शिकण्यासाठी अलीकडे येऊ लागले.