ग्रंथ कोणाचा?

एखाद्या जुन्या वाचनालयात जाऊन शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीचे मराठी पुस्तक उघडावे. नामपृष्ठावर किंवा त्याच्या पाठीमागे, सन १८६७ च्या २५ व्या आक्टाप्रमाणे हे पुस्तक रजिस्टर केले असून सर्व हक्क कर्त्याने आपणाकडे ठेविले आहेत, अशा अर्थाचा मजकूर बहुधा आढळतो. वाचक तो कधी वाचत नाही. तो पान उलटतो आणि प्रस्तावनेकडे वळतो. परंतु त्या एका ओळीत एक मोठा वाद दडलेला आहे. लेखकाने जे लिहिले ते त्याच्या घरासारखे, शेतासारखे त्याच्या मालकीचे असते काय? की समाजाने त्याच्या श्रमाचा मोबदला म्हणून काही वर्षांपुरता दिलेला तो एक मक्ता आहे? या दोन उत्तरांत अंतर फार आहे. मालकी असेल तर ती पिढ्यान्‌पिढ्या चालली पाहिजे. मक्ता असेल तर मुदत संपताच तो संपला पाहिजे. आजच्या कायद्याचे समर्थन करावे की नाही हे ठरवण्यापूर्वी हा वाद इतिहासात कसा झाला ते पाहणे उपयोगाचे होईल, असे आम्हांस वाटते.

आपल्याकडे हा प्रश्न या रूपात पूर्वी कधी उभा राहिला नाही, आणि त्याचे कारण उघड आहे. पोथी हाताने उतरून घ्यावी लागे. उतरून घेणे हे पुण्यकर्म होते. त्यात कोणाचे काही चोरले जाते अशी कल्पनाच नव्हती. तथापि कर्त्याविषयी आस्था नव्हती असे मात्र नव्हे. अभंगाच्या शेवटी नामदेव-तुकारामांची नाममुद्रा असे. शके १५०६ मध्ये एकनाथांनी ज्ञानेश्वरीचा शुद्ध पाठ सिद्ध केला, तेव्हा त्यात कोणी आपल्या पदरची ओवी घालू नये असे बजावून ठेवले. पोथी नकलू नका, असे एकनाथ म्हणाले नाहीत. ती बिघडवू नका, एवढेच म्हणाले. श्रेय आणि शुद्धता यांचा हा हक्क निराळा, आणि प्रती विकण्याचा हक्क निराळा. आमच्या पुढील विवेचनात हा भेद ध्यानात ठेवावा लागेल.

प्रती विकण्याच्या हक्काचा जन्म छापखान्याबरोबर झाला, आणि तो लेखकाच्या घरी झाला नाही. लंडनच्या पुस्तकविक्रेत्यांच्या व मुद्रकांच्या संघाला १५५७ मध्ये राजसनद मिळाली. सरकारला नको ती पुस्तके दाबून टाकावयाची होती, व्यापाऱ्यांना स्पर्धा नको होती, दोघांचे जमले. संघाच्या वहीत ज्याने पुस्तकाचे नाव चढवले त्याने ते छापावे, दुसऱ्याने छापू नये, असा शिरस्ता पडला. लेखक या व्यवस्थेत हस्तलिखित विकून बाजूला होई. मिल्टनने १६६७ मध्ये ‘पॅराडाइज लॉस्ट’ हे महाकाव्य पाच पौंडांना विकले. पुढे आवृत्ती खपेल तसे आणखी पाच पाच पौंड द्यावेत असा करार होता. मिल्टनच्या हयातीत त्याच्या हाती एकंदर दहा पौंड पडले. त्याच्या विधवेने उरलेला हक्क आठ पौंडांना सोडून दिला. पुढे त्या काव्यावर पुस्तकविक्रेत्यांची घराणी पोसली गेली. आणि मिल्टनची नात वृद्धपणी विपन्नावस्थेत आहे असे कळल्यावर १७५० मध्ये तिच्या मदतीसाठी लंडनच्या रंगभूमीवर नाटकाचा खेळ लावावा लागला.

छपाईच्या परवान्याचा कायदा १६९५ मध्ये संपुष्टात आला आणि व्यापाऱ्यांची मक्तेदारी उघडी पडली. त्यांनी पार्लमेंटकडे धाव घेतली, पण या खेपेस लेखकाला पुढे करून. पुस्तके कोणीही छापू लागला तर बिचाऱ्या ग्रंथकारांचे कुटुंब धुळीस मिळेल, असा त्यांचा आक्रोश होता. त्यातून राणी अ‍ॅनच्या कारकीर्दीतला कायदा आला आणि १७१० च्या एप्रिलमध्ये तो अंमलात आला. व्यापाऱ्यांना जे हवे होते ते त्यांना पुरते मिळाले नाही. कायद्याने हक्क प्रथम लेखकाचा मानला, आणि त्याला मुदत घातली: नव्या पुस्तकाला चौदा वर्षे, लेखक जिवंत असल्यास आणखी चौदा, जुन्या पुस्तकांना एकवीस. नऊ प्रती ठराविक ग्रंथालयांना देणे आवश्यक केले. किंमत अवाजवी वाटल्यास तक्रार करण्याचीही सोय ठेवली. या कायद्याच्या नावातच विद्येला उत्तेजन हा हेतू सांगितलेला होता. मालमत्तेचे रक्षण हा शब्दप्रयोग तेथे मथळ्यावर नव्हता, हे विसरून चालणार नाही.

मुदती संपू लागल्या तेव्हा लंडनचे व्यापारी नवा मुद्दा घेऊन उभे राहिले. कायद्याची मुदत असो वा नसो, लेखकाला आपल्या कृतीवर निसर्गतःच कायमची मालकी असते, आणि ती आम्ही विकत घेतली आहे, असे ते म्हणू लागले. वादाचे निमित्त झाले जेम्स थॉमसन या कवीचे ‘द सीझन्स’ हे ऋतुवर्णनपर काव्य. थॉमसन १७४८ मध्ये वारला होता. त्याचे काव्य रॉबर्ट टेलर याने छापले, म्हणून अँड्र्यू मिलर या धनाढ्य प्रकाशकाने त्याच्यावर फिर्याद केली. १७६९ मध्ये मुख्य न्यायाधीश लॉर्ड मॅन्सफील्ड व त्यांचे दोन सहकारी यांनी मिलरच्या बाजूने निकाल दिला. न्यायमूर्ती येट्स यांनी एकट्याने विरुद्ध मत नोंदवले.

मॅन्सफील्ड यांची बाजू हलकी नव्हती. जो शेत कसतो त्याने पीक घ्यावे, तसे जो बुद्धी झिजवतो त्याने तिचे फळ घ्यावे हे न्याय्यच आहे. त्याच्या परवानगीवाचून दुसऱ्याने त्याच्या नावावर पैसा करावा, त्याचा मजकूर वाटेल तसा चुकीचा छापावा, आणि त्याने हताशपणे पाहत राहावे, हे कोणत्याही सभ्य माणसाला पटणार नाही. उलट येट्स यांचे म्हणणे असे की, शेताला बांध घालता येतो, विचाराला घालता येत नाही. ग्रंथ प्रसिद्ध करणे म्हणजेच तो लोकांच्या स्वाधीन करणे होय.

या निकालाने मक्तेदारी कायमची झाली असती. पण एडिंबरोचा पुस्तकविक्रेता अलेक्झांडर डोनल्डसन याने हार मानली नाही. त्याने खुद्द लंडनमध्ये दुकान थाटून स्वस्त पुनर्मुद्रणे विकावयास सुरुवात केली होती. मिलर वारल्यावर ‘सीझन्स’चे हक्क टॉमस बेकेट व इतर काही पुस्तकविक्रेत्यांनी लिलावात घेतले होते, त्यांनी डोनल्डसनविरुद्ध मनाई हुकूम मिळवला. डोनल्डसन सरदारांच्या सभेपर्यंत गेला. दरम्यान १७७३ मध्ये स्कॉटलंडच्या न्यायालयाने तशाच एका खटल्यात कायमची मालकी नाकारली होती, आणि तेथे डोनल्डसनच्या वकिलांत जेम्स बॉस्वेल होता.

२२ फेब्रुवारी १७७४ रोजी सरदारांच्या सभेने निर्णय दिला. न्यायाधीशांची मते विभागलेली होती. मॅन्सफील्ड स्वतः सभासद असूनही या वेळी काही बोलले नाहीत. लॉर्ड कॅम्डेन यांचे भाषण मात्र गाजले. ज्ञान ही सर्वांची वस्तू आहे, ते हवेपाण्यासारखे मोकळे असावे. ज्यांनी जग पुढे नेले ते न्यूटन, मिल्टन, लॉक दुकानदाराच्या पैशासाठी लिहीत नव्हते. कायमची मक्तेदारी मान्य केली तर सारी विद्या चार दुकानदारांच्या कपाटात जाऊन बसेल आणि ते मागतील ती किंमत जनतेला मोजावी लागेल, असा त्यांच्या बोलण्याचा आशय होता. सभेने डोनल्डसनच्या बाजूने कौल दिला. हक्क कायद्याने दिला तेवढाच, आणि कायद्याने सांगितली तेवढीच वर्षे, हे ठरून गेले.

कॅम्डेन यांच्या भाषणातला एक भाग आम्हांस पटत नाही. थोर लेखक कीर्तीसाठी लिहितो हे खरे असले तरी त्यालाही दोन वेळा जेवावे लागते. आणि ज्याला घरची जहागीर नाही त्याने लिहूच नये, असे म्हणणे म्हणजे विद्या श्रीमंतांच्या हाती देणे होय. परंतु दुकानदारांविषयीचे त्यांचे भय साधार होते. निकालानंतर विद्येचा व्यापार बुडाला काय? बुडाला नाही, उलट वाढला. जॉन बेल याने १७७७ पासून इंग्रजी कवींची लहान, सुबक व स्वस्त पुस्तकांची माला सुरू केली. ती १०९ भागांची झाली. त्याच्याशी टक्कर देण्यासाठी लंडनच्या प्रकाशकांनी आपली माला काढली आणि तिच्यासाठी कविचरित्रे लिहिण्याचे काम डॉक्टर जॉन्सन यांना दिले. इंग्रजी टीकावाङ्मयातला तो अजोड ग्रंथ स्पर्धेच्या पोटी जन्मला.

वाद येथे संपला नाही. टॉमस टॅलफर्ड हे वकील व नाटककार होते. डिकन्सने आपले ‘पिकविक’ त्यांनाच अर्पण केले आहे. त्यांनी १८३७ पासून मुदत वाढवण्याची खटपट चालवली. लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षे हक्क राहावा अशी त्यांची मागणी होती, आणि वर्ड्‌स्वर्थ त्यांच्या पाठीशी होता. ज्या कवीचे मोल लोकांना उशिरा कळते त्याचा हक्क पुस्तक खपू लागण्याच्या सुमारासच संपतो, हे त्यांचे गाऱ्हाणे खरे होते.

त्यांना विरोध केला तो मेकॉले यांनी, ५ फेब्रुवारी १८४१ रोजी. हिंदुस्थानातून परतून त्यांना तीनच वर्षे झाली होती, आणि योगायोग असा की ते एडिंबरोचे, म्हणजे डोनल्डसनच्या गावचे, प्रतिनिधी होते. हिंदुस्थानच्या विद्येविषयी त्यांची मते आपल्याला ठाऊक आहेत व ती आपण स्वीकारणार नाही. परंतु या प्रश्नावर त्यांचे बोलणे तोलून पाहण्याजोगे आहे. लेखकाला पोसले पाहिजे हे त्यांना मान्य होते. धनिकांच्या आश्रयाने लेखक मिंधा होतो, म्हणून वाचकांकडूनच त्याला पैसा मिळावा हेही मान्य. पण मक्तेदारीने वस्तू महाग होते, म्हणून हा वाचकांवर एक कर आहे. तो बऱ्या कामासाठी असला तरी कामापुरताच असावा. जॉन्सन वारल्यावर अर्धशतक उलटून गेले; त्यांच्या पुस्तकांचा पैसा आज कोणा दुकानदाराला मिळतो या ज्ञानाने जिवंतपणी त्यांचे एक तरी दुःख हलके झाले असते काय, असा त्यांचा सवाल होता. शिवाय वारसाला पुस्तक आवडले नाही तर तो ते दडपून टाकील, हेही त्यांनी बजावले. आणि कायदा अवाजवी झाला म्हणजे लोकांची सहानुभूती चोरून छापणाराकडे वळते व मग वाजवी हक्कही कोणी पाळीत नाही, असा इशारा दिला. विधेयक ४५ विरुद्ध ३८ मतांनी फेटाळले गेले. १८४२ मध्ये तडजोड झाली: ४२ वर्षे किंवा मृत्यूनंतर सात वर्षे, यांपैकी जी मुदत लांब ती.

हीच मुदत १८४७ च्या विसाव्या कायद्याने कंपनी सरकारने आपल्याकडे आणली. १९१४ च्या कायद्याने ती मृत्यूनंतर पन्नास वर्षे झाली. मात्र त्या कायद्यात आपल्या देशाच्या दृष्टीने शहाणपणाचे एक कलम होते: येथे प्रथम प्रसिद्ध झालेल्या ग्रंथाच्या भाषांतराचा अनन्य हक्क दहाच वर्षे राही, तेवढ्यात कर्त्याने ज्या भाषेत भाषांतर काढले त्या भाषेपुरताच तो पुढे चाले. शेजारच्या भाषेतले पुस्तक आपल्या भाषेत आणण्याची वाट त्यामुळे मोकळी होती. स्वतंत्र भारताचा १९५७ चा कायदा २१ जानेवारी १९५८ पासून लागू झाला. त्याने पन्नास वर्षे कायम ठेवली. रवींद्रनाथ १९४१ मध्ये निवर्तले. त्यांच्या ग्रंथांची मुदत १९९१ अखेर संपत होती. ती संपू नये म्हणून पन्नासाची साठ वर्षे करण्यात आली, आणि एका महाकवीसाठी केलेली वाढ साऱ्या लेखकांना लागू झाली. बर्न येथील आंतरराष्ट्रीय करारामुळे पन्नासाच्या खाली उतरण्याची आपल्याला मोकळीक नाही. पण वरची दहा वर्षे आपण आपल्या हाताने घातली.

याचा हिशेब करून पाहावा. एखाद्याने तिसाव्या वर्षी पुस्तक लिहिले आणि तो ऐंशीव्या वर्षी वारला, तर ते एकशे दहा वर्षे बांधलेले राहते. राणी अ‍ॅनच्या कायद्यात ते फार तर अठ्ठावीस वर्षे राहिले असते. साने गुरुजी १९५० मध्ये गेले. २०११ च्या आरंभी त्यांचे वाङ्मय मुक्त झाले. आज ‘श्यामची आई’ अनेक प्रकाशकांच्या स्वस्त आवृत्त्यांत मिळते. त्यामुळे गुरुजींचा मान रतिभरही कमी झालेला नाही. याउलट कित्येक पुस्तके अशी आहेत की ती हक्कदार छापीत नाही आणि दुसऱ्याला छापता येत नाहीत. कायद्यात सक्तीच्या परवान्याची वाट आहे. पण गावच्या वाचनालयाने ती चालून जावी इतकी ती सोपी नाही.

हा वाद इतिहासजमा झाला आहे असे कोणी समजू नये. दिल्ली विद्यापीठाच्या आवारातल्या एका झेरॉक्सच्या दुकानावर २०१२ मध्ये परदेशी प्रकाशकांनी दावा लावला. विद्यार्थ्यांसाठी नेमलेल्या पुस्तकांतली प्रकरणे तेथे एकत्र करून दिली जात होती. १६ सप्टेंबर २०१६ रोजी उच्च न्यायालयाने दावा फेटाळताना सांगितले की, हा हक्क म्हणजे निसर्गदत्त किंवा ईश्वरदत्त मालकी नव्हे. विद्येच्या वाढीसाठी कायद्याने निर्माण केलेली ती सोय आहे. १७७४ चाच हा ध्वनी होता. त्याच २०१२ मध्ये संसदेने दुसऱ्या बाजूचेही रक्षण केले: चित्रपटासाठी गीत लिहिणाराने वा संगीत देणाराने हक्क विकला तरी इतर वापराच्या मानधनातला त्याचा वाटा त्याच्याकडून काढून घेता येणार नाही, असे ठरवले. मिल्टनच्या नातीला हा कायदा समजला असता.

मग कायद्याचे समर्थन करावयाचे की नाही? आमचे उत्तर असे आहे. लिहिणाराला मोबदला मिळालाच पाहिजे. पुस्तक फुकट उतरवून घेऊन लेखकाच्या नावाने गळा काढणाऱ्या समाजाला साहित्य मागण्याचा अधिकार नाही. म्हणून कायदा हवा. परंतु तो मालकीचा सात-बारा म्हणून नको. ज्या समाजाची भाषा, ज्याच्या म्हणी, ज्याच्या पूर्वसूरींचे ग्रंथ घेऊन लेखक लिहितो, त्या समाजाकडे ग्रंथ शेवटी परत गेला पाहिजे, आणि तो वाचणारी पिढी अजून जिवंत असताना गेला पाहिजे. श्रेयाची व शुद्धतेची गोष्ट मात्र निराळी. हक्क विकल्यावरही कर्त्याचे नाव व कृतीची अव्यंगता जपण्याचा अधिकार १९५७ च्या कायद्याच्या ५७ व्या कलमाने लेखकाकडे ठेवला आहे, तो योग्यच आहे. त्याला मुदतीची कात्री लावू नये.

एकनाथांनी चारशे वर्षांपूर्वी एवढेच मागितले होते. पोथी हवी तितकी उतरवा. पदरची ओवी घालू नका.